पाचवा स्लॉट

जळगाव, १८ नोव्हेंबर २०२४

ज्योत्स्नाबाई यांस,

नमस्कार. या पत्राचं कारण गंभीर आहे. छगनने काचेचे ग्लास बंद केले.

हे वाक्य कृपया पुन्हा वाचा, एका वाचनात त्याची खोली कळत नाही. एमआयडीसीत आपल्या कारखान्यासमोर ज्या माणसाने इतकी वर्षं काचेच्या ग्लासात चहा दिला, त्याने परवापासून कागदी कप काढले आहेत. कप अंगठ्याएवढा. चहा ओतला की मऊ पडतो, धरला तर बोट भाजतं, ठेवला तर पंख्याच्या वाऱ्याने चालायला लागतो. काल एक कप चालत चालत दुरुस्तीला आलेल्या एका सर्किटच्या कार्डावर गेला आणि तिथे त्याने देह ठेवला. मी छगनला जाब विचारला. तो म्हणाला, "शेठ, ग्लास धुवायला पाणी कुठून आणू?" मी म्हटलं, पाणी मी देतो. "मग धुवायला बी तुम्हीच या ना."

आणि मुख्य म्हणजे कागदी कपातला चहा अर्धा करून दुसऱ्याला देता येत नाही. द्यायला समोर कोणी नाही, हा भाग वेगळा. पण सोय असावी.

आता दुसरी तक्रार, ही त्या मानाने किरकोळ आहे. फोनवर सांगितली असती, पण प्रेमराजनाना आता नसले तरी त्यांच्या कारखान्यात त्यांचाच नियम चालू आहे: दोष आधी कागदावर, मग हात. शिवाय फोनवर तुम्ही "हं" म्हणता आणि मला वाटतं दोष सापडला.

सावद्याच्या कौतिकभाऊंच्या केळी पिकवायच्या खोल्या आठवत असतील. तुम्ही आईंच्या आजारपणासाठी धुळ्याला गेलात, त्याआधी आपण दोघांनी ज्या रॅकची चित्रं काढली होती, तो मी पुढच्या वर्षी पुरा करून तिथे बसवला. एक लोखंडी कपाट, त्याच्या पाठीला बॅकप्लेनची लांब पाटी, आणि तिच्या स्लॉटांत उभी खोचलेली कार्डं. एक मुख्य कार्ड, एक तापमानाचं, एक गॅसचं, एक पंख्यांचं, आणि शेवटी मोबाइलवर निरोप धाडणारं. मुख्य कार्ड सारखं प्रत्येक स्लॉटला विचारत असतं: आहे का कोणी, काही म्हणायचंय का? ज्याचं उत्तर येईल त्याचं ऐकतं. दोन वर्षं हा संसार सुखाने चालला.

दिवाळीत कौतिकभाऊंनी नवे मोठे पंखे बसवले. तेव्हापासून केळी पिकवायच्या गॅसचा व्हॉल्व्ह आपल्या मनाने उघडतो. केळी वेळेआधी पिकतात, तीही अंगावर ठिपके घेऊन. परवा एक अख्खी खोली चितकबरी झाली. व्यापाऱ्याने माल पाहून विचारलं, "ही केळी आहे का बिबट्या?"

सप्लाय तपासला, कार्डं बदलून पाहिली, वायरी हलवून पाहिल्या. मी असलो की दोष येत नाही. तुम्ही एकदा सावद्याला येऊन पाहिलंत तर बरं होईल. नाही जमलं तर कागदावरच सांगा.

तुमची खुर्ची अजून खिडकीशीच आहे. तिच्यावर मी डबे ठेवतो, म्हणजे कोणी बसत नाही.

आईंना नमस्कार.

आपला,
रुपचंद चौधरी


धुळे, २५ नोव्हेंबर २०२४

चौधरी,

छगनचं बरोबर आहे. तुम्ही ग्लास कधीच परत करत नव्हतात. त्यात स्क्रू ठेवायचात.

दोष अर्धाच लिहिलाय. नाना असते तर कागद तुमच्याकडे भिरकावला असता. "मी असलो की दोष येत नाही" हे वाक्य तुम्ही गमतीत टाकून पुढे गेलात, आणि तेच तर सगळ्यांत महत्त्वाचं आहे. नुसते असलात की येत नाही, की कपाटाला हात लावून उभे असलात की येत नाही? तुम्हीच, की दुसरा कोणी उभा राहिला तरी चालतं? आणि नवे पंखे वेग कमीजास्त होणारे आहेत का? असतील तर त्यांच्या वायरी रॅकच्या शेजारून नेल्यात का? नेल्याच असतील.

आता जुनाच धडा. लांब बॅकप्लेनवर सिग्नल धावत टोकाला जातो. तिथे त्याला झेलायला रेझिस्टर नसला की तो उलट फिरतो आणि मागून येणाऱ्याला धडकतो. दोन्ही टोकांना रेझिस्टर आहेत ना? सिग्नलच्या पिनांमध्ये अधूनमधून ग्राउंडच्या पिना घातल्यात ना, की जागा वाचवायला सिग्नलच सिग्नल शेजारी बसवलेत, म्हणजे एकाची कुजबुज दुसऱ्याला?

आणि न वापरलेल्या पिनांचं काय केलंत? ज्या पिनेला सांगायचं असतं ती मोकळी राहिली तर बिघडत नाही. जिला ऐकायचं असतं ती मोकळी ठेवायची नाही. तिला कोणी काही सांगत नसलं तरी ती ऐकतच असते. पंखा सुरू झाला की ऐकते, कोणी जवळून गेलं की ऐकते, आणि त्याचा अर्थ लावते. अशी प्रत्येक पिन रेझिस्टरमधून ग्राउंडला किंवा सप्लायला बांधायची. थेट ठोकायची नाही. उद्या कोणाला ती वापरायची झाली तर वापरता आली पाहिजे.

सावद्याला येणं जमणार नाही. इथे यंत्रमागांची कार्डं दुरुस्तीला येतात, टेबल भरलेलं असतं. त्या रॅकची जास्तीची बॅकप्लेन तुमच्याकडे असणारच, तुम्ही सगळं दोन करून ठेवता. ती धुळ्याच्या गाडीत पार्सल टाका. मी स्कोप लावून सिग्नलची रेघ बघते.

खुर्चीवरचे डबे काढा. तिची वेताची वीण उसवेल.

ज्योत्स्ना


जळगाव, ३ डिसेंबर २०२४

ज्योत्स्नाबाई,

खुर्चीची वीण केव्हाच उसवली. मी प्लायवूड ठोकलं. तुम्हाला कळवलं नव्हतं, कारण तुम्ही रागावला असतात, आणि आता कळवलं ते तुम्ही रागवावंत म्हणून.

बॅकप्लेन या पत्रासोबत आहे. पार्सलवाल्याने "आत काय?" विचारलं. मी म्हटलं, पाठ. त्याने पावतीवर "पाट" लिहिलं. धुळ्याला मिळताना कटकट झाली तर म्हणा, लग्नाचा आहे.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. पंखे वेग बदलणारेच आहेत, वायरी रॅकशेजारूनच गेल्यात. कौतिकभाऊंच्या जावयाने नेल्या, त्यामुळे हलवता येत नाहीत. दोन्ही टोकांना रेझिस्टर आहेत. सिग्नलांमध्ये ग्राउंड आहे. न वापरलेल्या पिना सगळ्या बांधलेल्या आहेत. मी काय आज शिकलो?

माणसाचं म्हणाल तर मी गुरुवारी सावद्याला जाऊन बसलो. कौतिकभाऊ मला आत घेऊन गेले, त्या कपाटासमोर, म्हणजे त्यांच्या भाषेत पेटीसमोर, उभं केलं आणि म्हणाले, "मले सारं समजलं. तुम्ही इंजिनेर लोक उगंच डोकं फोडता."

"काय समजलं?"

"हे एकटं राह्यलं का घाबरतं. माणूस जवळ असला का नीट चालतं. ह्याले सोबत लागते."

"कौतिकभाऊ, पत्र्याची पेटी आहे."

"मंग? माह्या म्हशीले बी लागते."

आणि त्यांनी प्रयोग करून दाखवला. पेटीच्या दारावर पंजा ठेवून उभे राहिले. पंखे घोंघावत होते, व्हॉल्व्ह गप्प. मग पंजा काढून जेवायला गेले. मी लांब क्रेटच्या थप्पीमागे उभा होतो. भाऊंचं वरण ताटात पडेपर्यंत इकडे व्हॉल्व्ह उघडला, फुस्स. मी धावत जाऊन हात ठेवला. बंद.

तेव्हापासून त्यांनी पेटीसमोर पाळ्या लावल्यात. सकाळी स्वतः, दुपारी काकू. काकू पेटीला पाठ टेकून वाटाणे सोलतात. केळी उत्तम पिकतायत. पण भाऊ म्हणाले, "संक्रांतीपावतर पाह्यतो. मंग इंदूरहून तयार पेटी आणतो. आमची म्हातारी काय जन्मभर टेकून बसंल का?"

मला त्या पेटीचं हसू आलं नाही, हे तुम्हाला सांगून ठेवतो.

आईंचा उजवा हात आता कसा आहे? दिवाळीच्या पत्रात तुम्ही लिहिलं नव्हतं. त्यांना नमस्कार सांगा. म्हणावं, चौधरी अजून चहा अर्धाच पितो.

आपला,
रुपचंद


धुळे, १२ डिसेंबर २०२४

चौधरी,

तुम्ही खोटं लिहिलंत.

पार्सल व्यवस्थित आलं. बॅकप्लेन टेबलावर उताणी घातली आणि पहिल्यांदा नुसती बघितली. काम देखणं आहे. दोन्ही टोकं झेललेली, दर दोन सिग्नलांमध्ये ग्राउंड, कुठे तार जास्त लांब नाही, सोल्डरचे डाग सगळे एका मापाचे. न वापरलेली एकेक पिन बांधलेली. मुख्य कार्डाच्या, तापमानाच्या, गॅसच्या, पंख्यांच्या, शेवटच्या सहाव्या स्लॉटच्यासुद्धा. तुम्ही मला कार्डं पाचच सांगितली होतीत. स्लॉट सहा आहेत.

पाचवा रिकामा. त्याच्या पिनांपाशी रेझिस्टरची जागा छापलेली आहे, भोकं पाडलेली आहेत, आणि भोकांत काही नाही. एकाही भोकात नाही.

मी सप्लाय दिला आणि पाचव्या स्लॉटच्या उत्तराच्या पिनेवर स्कोप लावला. माझ्या भिंतीपलीकडे एक माग चालतो. तो सुरू झाला की रेघ हळूहळू वर चढते. वर म्हणजे "आहे". मी हात जवळ नेला, रेघ खाली आली. हात काढला, परत वर. कौतिकभाऊंची म्हैस तुमच्यापेक्षा बरं निदान करते.

म्हणजे तुमचं मुख्य कार्ड दर खेपेला पाचव्याला विचारतं, आहे का कोणी? तिथे कोणी नाही. पण पिन अधांतरी असल्यामुळे पंख्याच्या विजेचा गोंगाट तिच्यावर बसतो आणि ती म्हणते, आहे. मग मुख्य कार्ड म्हणतं, बोल. आणि हवेतलं जे काही ऐकू येतं ते खरं मानून गॅस सोडतं.

जुने पंखे शांत होते म्हणून दोन वर्षं निभावलं. नव्यांनी फक्त आवाज वाढवला. दोष पंख्यांचा नाही.

हे विसरण्यातलं नाही. सहा स्लॉट असतात तिथे पाच बांधून एक विसरणारा माणूस वेगळा. त्याचे डाग वेगळे पडतात. तुम्ही ते मुद्दाम ठेवलंत. मुख्य कार्डाच्या प्रोग्रॅममध्येही एक ओळ घातली असती की पाचव्याला विचारू नको, तर भागलं असतं. तीही घातली नाहीत.

का? नीट लिहा. गंमत नको.

ज्योत्स्ना


जळगाव, २९ डिसेंबर २०२४

ज्योत्स्नाबाई,

गंमत नको म्हणालात, म्हणून इतके दिवस लागले. गंमत काढली की माझ्याकडे फार थोडा मजकूर उरतो.

पाचवा स्लॉट तुमच्या कार्डाचा आहे. केळीच्या सालीवर उजेड टाकून तिचा रंग वाचणारं ते कार्ड. तुम्ही म्हणाला होतात, गॅस आणि ऊन-थंडी मोजून केळ पिकलं का ते कळत नाही, केळालाच विचारलं पाहिजे. त्याचं अर्धं चित्र तुमच्या टेबलाच्या काचेखाली आहे. एके दिवशी धुळ्याहून तुमच्या भावाचा फोन आला, आईंच्या अंगावरून वारं गेलं म्हणून, आणि तुम्ही पेन्सिल काचेवर ठेवून उठलात. पेन्सिल मी कपात ठेवली. उडून जाईल म्हणून.

बॅकप्लेन काढायला बसलो तेव्हा तुमचं कार्ड कुठली पिन कशाला वापरणार, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून मोकळ्या ठेवल्या. हे पहिलं कारण आणि ते खरं आहे. रॅक सावद्याला निघाला तेव्हा रेझिस्टर हातात घेतले. एका डागाचं काम. मग मला वाटलं, हे बांधले की ती पेटी कायमचं धरून चालेल की पाचव्यात कोणी नाही. आणि ती ओळ घातली असती तर तिने विचारणंसुद्धा बंद केलं असतं. मी रेझिस्टर डब्यात परत टाकले. मला बरं वाटायचं. इथे मी झोपलोय, जेवतोय, कोणाशी भांडतोय, आणि तिकडे सावद्यात एक पेटी माझ्या वतीने न थकता विचारतेय, आहे का कोणी. हा मूर्खपणा आहे. तांत्रिकसुद्धा.

नाना शेवटी शेवटी मला म्हणाले होते, "रुपचंद, तिला पत्र लिही." मी म्हटलं, सणासुदीचा नमस्कार जातोच, आणखी काय लिहू, काही बिघडलेलं नाही. ते म्हणाले, "मंग बिघडू दे."

मी मुद्दाम बिघडवलं नाही, एवढं माना. पण बिघडलं तेव्हा मला वाईट वाटलं नाही. या दोषाचं पहिलं पत्र लिहिताना मी शीळ घालत होतो, असं छगन म्हणतो.

मी उद्या सावद्याला जाऊन पिना बांधू शकतो. तुम्ही सांगा, मी बांधतो. त्याआधी एकदाच विचारतो, पेटीकरवी नाही. तुमचं कार्ड कधी होणार? कार्ड राहू द्या. तुम्ही कधी येणार? आईंना घेऊन या. कारखान्यामागच्या दोन खोल्या कोरड्या आहेत, ऊन येतं, जिना नाही. मी तिथे रंग देऊन घेतला. तीन वर्षांत दोनदा.

रुपचंद


धुळे, ९ जानेवारी २०२५

चौधरी,

तुम्ही खरं लिहिलंत. आता माझी पाळी.

आई गेली. मागच्या श्रावणात नाही, त्याच्या आधीच्या. सकाळी चहा मागितला, मी गाळत होते, तेवढ्यात. तुम्ही त्यानंतर पाठवलेला प्रत्येक नमस्कार मी तिच्या फोटोपुढे वाचून दाखवला आहे. अर्ध्या चहाचंसुद्धा सांगितलं.

तुम्हाला कळवलं नाही. जळगावात कोणाला कळवू नको, असं भावालाही बजावलं. कळलं असतं तर तुम्ही दारावर, दुखवट्याला, आला असतात. सगळे आले. चटईवर बसले, फोटोकडे पाहिलं, पाणी प्यायले आणि गेले. दारावर आलेल्या माणसाने तेवढंच करायचं असतं. तुम्हाला तेवढंच करून उठता आलं नसतं. तोंडाने तुम्ही काही बोलला नसतात. पण तुम्ही माझ्याकडे पाहिलं असतंत, आणि मला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं.

आई होती तोवर माझ्याकडे कारण होतं. कोणीही विचारलं की सांगायचं, आईमुळे हलता येत नाही. ती गेली, कारण गेलं, आणि तरी माझा पाय उचलेना. मग लक्षात आलं की मला इथलं माझं टेबल आवडतं. माणसं कार्ड टाकून जातात, दुसऱ्या दिवशी घेऊन जातात, कोणी खिडकीशी खुर्ची ठेवून माझी वाट बघत नाही. तुम्हाला हे कठोर वाटेल. मला ते हलकं वाटतं.

नानांच्या वेळी मी तिथे कामाला होते. आता तुम्ही मला कामाला बोलवत नाही आहात, हे मला कळतं. तुमच्या पत्रांत जे लिहिलेलं नसतं ते माझ्याकडून जास्त वाचलं जातं. ऐकायला ठेवलेली पिन मोकळी असली की काय होतं, ते मला शिकवू नका. मीही या तीन वर्षांत कुठेही खट्ट झालं की त्याचा अर्थ लावलाय. गेल्या वर्षी एकदा जळगावची बस माझ्या गल्लीच्या तोंडाशी बंद पडली, तर मी गॅलरीत जाऊन उभी राहिले होते.

म्हणून मी ठरवलं की हो किंवा नाही, काहीतरी ठाम असावं. माझं उत्तर नाही. मी येणार नाही.

सोबत एक कार्ड पाठवतेय. त्यावर एकही चिप नाही. फक्त रेझिस्टर आहेत, पाचव्या स्लॉटच्या पिनांइतके. ते पाचव्यात खोचा. मुख्य कार्ड विचारील, आहे का कोणी, आणि त्याला दर खेपेला स्वच्छ उत्तर मिळेल. विचारणं बंद करायची गरज नाही. ती ओळ घालू नका. विचारू दे बिचाऱ्या पेटीला, फक्त वाऱ्याचं ऐकू नये एवढंच.

पिना थेट ग्राउंडला ठोकलेल्या नाहीत, रेझिस्टरमधून बांधल्या आहेत. ते काही खास तुमच्यासाठी नाही. पद्धतच तशी आहे.

संक्रांतीच्या आत पोचेल अशा बेताने आज टाकतेय. काकूंना सुट्टी द्या.

तुमचं दारावर येणं राहिलं, ते माझ्यामुळे. मनाला लावून घेऊ नका.

ज्योत्स्ना


जळगाव, ११ फेब्रुवारी २०२५

ज्योत्स्नाबाई,

कार्ड वेळेत मिळालं आणि पाचव्यात असं बसलं की जणू त्याचीच जागा होती. पंखे पूर्ण वेगात सोडले, सगळे बाहेर जाऊन जेवलो. व्हॉल्व्हने तोंड उघडलं नाही. तेव्हापासून निघालेल्या सगळ्या खोल्या एकसारख्या पिवळ्या निघाल्या. इंदूरची पेटी रद्द झाली. कौतिकभाऊ तरी दोन दिवस सवयीने पेटीसमोर खुर्ची टाकून बसले, आणि मग मला फोन करून म्हणाले, "चौधरी, आता हे मले वळखतच नाही." मी म्हटलं, बरं झालं की भाऊ. ते म्हणाले, "बरं झालं, पन करमत नाही."

यंत्राचा विषय संपला.

परवा मी येऊन गेलो ते तुम्ही पाहिलंच. जे तुम्ही पाहिलं नाही, तेवढं लिहितो.

तुमचं पत्र आल्यावर लगेच निघायला हवं होतं. नाही निघालो. तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. तेव्हा आलो असतो तर आईंच्या नावाने तुमच्याकडे आलो असतो. मी थांबलो. नुसतं आईंसाठी येता येईल असं वाटेपर्यंत थांबलो. पूर्ण तसं वाटलं नाही, पण पुष्कळसं वाटलं, तेव्हा गाडीत बसलो. जळगाव ते पारोळा काय काय बोलायचं ते ठरवत होतो. पारोळ्यापासून एकेक खोडायला लागलो. धुळ्यात देवपुरात उतरलो तेव्हा काही शिल्लक नव्हतं. हलकं वाटलं. तुम्ही तो शब्द वापरला होतात, मला तेव्हा झोंबला होता.

तुमच्या घरमालकीण कुंदाबाई खाली ओट्यावर मेथी निवडत होत्या. माझी टोपी आणि चेहरा पाहून त्यांनी हात थांबवला.

"कोनाकडे उनात भाऊ?"

"वर, ज्योत्स्नाबाईंकडे. दारावर आलोय."

त्यांच्या हातातली जुडीच पडली. "काय व्हयनं? कोन गयं वं माय?"

"त्यांच्या आई."

"आई!" त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं. "तिले तं दीड वरीस व्हई गयं! बठ्ठा लोक यीसन गयात!" सगळे केव्हाच येऊन गेले होते.

"गाडी लेट होती."

मला वाटलं, हसतील किंवा हाकलतील. त्यांनी दोन्हीतलं काही केलं नाही. थोडं सरकून जिन्याला वाट दिली आणि म्हणाल्या, "जळगावनी गाडी ना? मंग बरोबर शे. जा. घरमाच शे ती."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही मला दारात पाहिलंत. कोपऱ्यातली चटई काढून अंथरलीत. मी बसलो. फोटो मी पहिल्यांदाच पाहिला. आईंची हनुवटी तुमच्यासारखी आहे, की तुमची त्यांच्यासारखी, तुम्ही सांगाल तसं. तुम्ही समोर भिंतीला टेकून बसलात. भिंतीपलीकडचा माग चालू होता. तुमचे केस पुढून पांढरे झालेत, हे मी पाहिलं. माझे उरले नाहीत, हे तुम्ही पाहिलं असेल. मग तुम्ही आईंचं सांगितलंत, चहा गाळत असतानाचं, पत्रात होतं त्याच्यापेक्षा थोडं जास्त. मी ऐकलं. सिग्नलचं, स्लॉटचं, खोल्यांचं तुम्ही काढलं नाहीत, मीही नाही. तुम्ही पाणी दिलंत, मी प्यायलो, उठलो.

तुम्ही उंबऱ्यापर्यंत आलात आणि तिथे थांबलात. मला वाटतं, मी काहीतरी बोलेन म्हणून थांबलात. मी न बोलता जिना उतरलो, त्याचा राग धरू नका. एरवी माणूस कुठूनही निघाला की "येतो" म्हणतो. आपल्याकडे दारावर आलेला तेवढं म्हणत नाही. उतरताना वळणावर तो शब्द माझ्या तोंडाशी आला. कठड्याला धरून उभा राहिलो आणि गिळला. वर तुमच्या दाराची कडी लागल्याचा आवाज बराच वेळ आला नाही. मी त्याचा काही अर्थ लावला नाही. ऐकून घेतला.

खाली कुंदाबाईंची मेथी निवडून झाली होती. त्यांनी विचारलं, "व्हयनं का भाऊ?"

मी म्हटलं, "झालं."

रुपचंद